परागकणांची ॲलर्जी : कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी राजारामपुरीत राहते. कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातले कितीतरी ऑक्टोबर रुमाल हातात धरूनच काढले. ओळखीपाळखीचे लोक मोबाईलवर झाडाझुडपांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, "बाई, ह्यानं शिंका येतात का हो?" वर्षानुवर्षं येणारे तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. झाडांबद्दल मी अधिकारानं लिहिते. औषधांबद्दल जे लिहिलंय ती समजून घेण्यापुरती माहिती आहे. गोळी सुरू करणं किंवा बंद करणं डॉक्टरांना विचारूनच.

१. परागकणांची ॲलर्जी म्हणजे नेमकं काय होतं?

परागकण म्हणजे फुलातली नर बाजूची पूड. ती आपल्या नाकात गेली तर खरं तर काहीच बिघडायला नको. पण काहींचं शरीर तिला शत्रू समजतं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तेच कण आले की नाकाडोळ्यांच्या अस्तरातल्या पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका, पाण्यासारखं वाहणारं नाक, लाल डोळे हा सगळा त्या हिस्टामिनचा प्रताप.

"चाळीस वर्षं इथेच राहतोय, आताच कसं सुरू झालं?" असं पुष्कळजण विचारतात. ही तयारी आत चालू असताना बाहेर काही दिसत नाही. त्रास कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो.

२. साधी सर्दी आणि ही सर्दी, फरक कसा ओळखायचा?

खाजेवरून. नाकात, डोळ्यांत, टाळूला, कधी कानाच्या आत खाज सुटत असेल तर आधी ॲलर्जीचा विचार करावा. साध्या सर्दीत अंग मोडून येतं, घसा दुखतो, कणकण असते, दोन-तीन दिवसांत शेंबूड घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत माणूस बरा होतो. ॲलर्जीत ताप येत नाही, पाणी पातळच राहतं, शिंका एकामागून एक दहा-पंधरा येतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. दरवर्षी ठरावीक महिन्यात होत असेल तर शंका आणखी पक्की. नाक एकाच बाजूनं चोंदत असेल, एकाच बाजूनं रक्त किंवा घाण वास येत असेल, तर मात्र ती ॲलर्जी धरून घरी बसू नका; कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

३. घरात सगळे म्हणतात माझा सर्दीचा कोठाच आहे. कुणी म्हणतं नाकाचं हाड वाढलंय. मग ॲलर्जी कशावरून?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मला स्वतःला हेच ऐकवलं गेलं. सलग चार वर्षं दसऱ्याच्या सुमारास एका दवाखान्यात मला पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळत राहिल्या. "कोठा सर्दीचाच आहे," एवढंच निदान. परागकणांवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही. दिवाळी सरता सरता गवतं वाळायची, त्रास आपोआप उतरायचा आणि श्रेय गोळ्यांना जायचं.

नाकाचा पडदा थोडाफार वाकडा असणं अगदी सर्रास आढळतं. ॲलर्जीनं नाकातलं मांसल अस्तर सुजलं की तेही हाड वाढल्यासारखंच जाणवतं. पडदा वाकडा असेल तर नाक बाराही महिने चोंदतं, पण त्यानं डोळ्यांना खाज सुटत नाही.

खात्री करायची साधी युक्ती म्हणजे वही. तारीख, कुठे होतो, वारा की पाऊस, त्रास शून्य ते तीनपैकी किती, गोळी घेतली का. रोज एक ओळ. वर्षभर लिहिलेली अशी वही घेऊन तुम्ही डॉक्टरांसमोर बसलात तर त्यांचं अर्धं काम झालेलं असतं.

४. फुलझाडं बघितली की भीती वाटते. नेमकी कोणती झाडं त्रास देतात?

ज्या फुलांकडे तुमचं लक्ष जातं, ती बहुतेक निर्दोष असतात. गुलाब, जास्वंद, मोगरा, गुलमोहर ही कीटकांना किंवा पक्ष्यांना बोलावणारी फुलं. त्यांचे परागकण जड, चिकट आणि मोजके. ते वाऱ्यावर फार उडत नाहीत. त्रास देतात ती वाऱ्यावर भिस्त ठेवणारी झाडं. त्यांना रंग नको, वास नको, मध नको. त्यांचा सगळा जोर हलके, कोरडे परागकण अमाप प्रमाणात उधळण्यावर.

वर्गातल्या मुलांना मी काळी छत्री आणायला सांगायचे. डिसेंबरात सकाळी शाळवाच्या शेतात जायचं, उघडी छत्री उलटी धरायची आणि फुलोऱ्यात आलेलं एक कणीस तिच्यावर हलकेच झटकायचं. काळ्या कापडावर पिवळसर भुकटीचा थर बसतो. एका कणसाची ही कमाई, मग आख्ख्या रानाची किती, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तर आपल्याकडचे संशयित असे : सगळी गवतं, हरळीपासून मक्यापर्यंत, गाजर गवत (प्र. ६), काटेमाठ आणि राजगिऱ्याचे भाऊबंद, एरंड, आणि झाडांमध्ये वावळ, सुरू, वेडी बाभूळ, नारळ. यातलं तुमचं कोणतं, हे वही आणि तपासणी (प्र. ९) मिळून सांगतात.

५. कोल्हापुरात कोणत्या महिन्यात त्रास वाढतो?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा सगळ्यात वाईट काळ. पाऊस ओसरतो, ऊन पडतं आणि पावसाळाभर पोसलेलं माळावरचं, बांधावरचं, रस्त्याकडेचं सगळं गवत एकदम फुलावर येतं. एका वर्षी मी गच्चीच्या कठड्यावर काचपट्टीला व्हॅसलीन लावून ती दिवसभर ठेवली आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ऑक्टोबरातल्या पट्टीवर गुळगुळीत, गोल, एकच छिद्र असलेले कण गर्दी करून होते; ते गवताचे. मधूनच काटेरी चेंडूसारखे लहान कण. ते गाजर गवताच्या कुळातले. क्वचित गोल्फच्या चेंडूसारखे खळगेच खळगे असलेले. ते राजगिऱ्याच्या घरातले. (चार्ल्स ब्लॅकली या इंग्रज डॉक्टरनं चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उंच हवेतले परागकण गोळा केले होते. तो स्वतः याच त्रासाचा रोगी. गवताचे पराग स्वतःच्या नाकाडोळ्यांना लावून त्यानं कारण सिद्ध केलं आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.)

दुसरी लाट उन्हाळ्याच्या तोंडाशी येते, तेव्हा झाडं फुलतात. वावळ तर पानं झडलेली असतानाच फुलते; तिची फुलं कुणाच्या नजरेसही येत नाहीत. पंख असलेल्या चकत्यांसारखी फळं रस्त्यावर पडू लागली म्हणजे फुलोरा होऊन गेला असं समजायचं.

जुलै-ऑगस्टात संततधार लागलेली असताना हवा जवळजवळ धुतलेली असते. तेव्हाही शिंका येत असतील तर परागकणांपेक्षा ओलसर भिंतीवरची बुरशी आणि गादीतले धुळीचे सूक्ष्म किडे यांचा संशय धरा. पहाटे अंथरुणातच शिंका सुरू होणं ही त्या किड्यांची खूण.

६. गाजर गवतानं नाकाला त्रास होतो की कातडीला?

दोन्हीला. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच नावं. मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते ठळकपणे नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. नाव गवत असलं तरी कूळ सूर्यफुलाचं. परागकणांनी शिंका आणि दमा. पानाखोडातल्या पार्थेनिन या द्रव्यानं कातडीला इसब. हे इसब चेहरा, मान, पापण्या, कोपराची लवण अशा उघड्या जागी येतं. शेतात राबणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं "उन्हाची खाज" म्हणून मलम चोळत बसलेलं मी पाहिलंय. अशा वेळी कातडीच्या डॉक्टरांकडून पट्टी लावून करायची तपासणी करून घ्यावी, प्र. ९ मधली तपासणी त्यासाठी नाही.

उपटायचं ते फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीत, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडाला मास्क. उगवल्यावर महिना-दीड महिन्यातच ते फुलू लागतं, म्हणून एकदा उपटून भागत नाही. ज्याला आधीच त्रास आहे त्यानं या कामाला हात लावू नये आणि ओला ढीग पेटवूही नये. रिकाम्या जागेत टाकळा वाढू दिला तर तो गाजर गवताला दाबतो, आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते.

७. उसाला तुरा आला की आमच्या गावात सगळे शिंकतात. ऊस काढून टाकायचा का?

ऊस गवताच्याच कुळातला, म्हणून शंका रास्त आहे. पण तुऱ्याचं जे पांढरं रेशीम उडताना दिसतं ते परागकण नव्हेत. ती फुलांभोवतीची लव असते. परागकण डोळ्यांना सुटे दिसतच नाहीत. उसाला तुरा येतो त्याच दिवसांत बांधावरची गवतंही फुललेली असतात, पाचट पेटवलं जातं, गुऱ्हाळं सुरू होतात. धूर ही ॲलर्जी नाही, पण सुजलेल्या नाकाला तो आणखी चेतवतो. उसाआधी बांध साफ ठेवा आणि पाचट जाळण्याऐवजी सरीत कुजवा. रानालाही ते चांगलं.

एप्रिलात उडणारा काटेसावरीचा कापूसही असाच नाहक बदनाम झालाय.

८. सातवीण फुलली की संध्याकाळी डोकं धरतं. ती तोडावी का?

नाही. सातविणीचा (सप्तपर्णीचा) उग्र वास काहींना सोसत नाही. डोकं दुखतं, नाक चोंदतं. हा वासाचा त्रास आहे. तिचं परागीभवन कीटक करतात. ती फुलते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे गवतांच्याच मोसमात, आणि वास येत असल्यामुळे सगळा आळ तिच्यावर जातो. संध्याकाळी त्या बाजूच्या खिडक्या लावा.

९. तपासणी कोणती करावी? रक्ताची की हातावर टोचायची?

हातावर टोचायची तपासणी जुनी, स्वस्त आणि भरवशाची. परागकणांच्या अर्काचे थेंब हातावर ठेवून हलकं टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते का ते पाहतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. गोळ्या बंद करणं शक्य नसेल किंवा कातडीवर इसब असेल तर विशिष्ट आयजीईची रक्ततपासणी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गांध उठली म्हणजे ॲलर्जी सिद्ध झाली असं होत नाही. वहीतल्या नोंदीशी ती जुळली पाहिजे. आणि नुसती एकूण आयजीई वाढलेली असणं पोटात जंत असतानाही दिसतं. शेदोनशे पदार्थांची यादी हातात देणारी महागडी पॅकेजं घेऊन लोक घाबरून माझ्याकडे येतात, वांगं-भात-दूध सगळं बंद करून बसतात. शिंकांसाठी जेवण तोडायचं कारण बहुधा नसतं, अपवाद प्र. १७ मध्ये.

सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आपलं सरकारी इस्पितळ) कान-नाक-घसा विभाग आहे. सुरुवात तिथून करता येईल. टोचायची तपासणी कुठे होते, तेही तिथे विचारता येईल.

१०. रोज गोळी घेतली तर सवय लागेल का? झोप फार येते.

सवय लागत नाही. झोप कोणती गोळी घेता त्यावर आहे. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या हमखास गुंगी आणतात. त्या घेऊन गाडी चालवू नका. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिननं काहींना झोप येते, म्हणून ती रात्री देतात. फेक्सोफेनाडिन, लोरॅटाडिननं क्वचितच येते. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबर घ्या. संत्री-सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही.

आपल्याकडे मॉन्टेल्युकास्ट मिसळलेल्या गोळ्या सर्रास चालतात. मॉन्टेल्युकास्टनं काहींच्या मनावर परिणाम होतो : भयंकर स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये यावर सर्वांत कडक दर्जाचा इशारा दिला. मुलाचं वागणं गोळी सुरू झाल्यावर बदललं तर लगेच डॉक्टरांना सांगा. औषधाच्या दुकानातून परस्पर घेण्याची ही गोळी नव्हे.

११. डॉक्टरांनी नाकातला स्टिरॉइड स्प्रे दिलाय. स्टिरॉइड ऐकूनच नको वाटतं.

भीती समजते, पण नाक चोंदण्यावर सर्वांत गुणकारी औषध हेच आहे. फ्लुटिकासोन, मोमेटासोनसारख्या स्प्रेचं फारच थोडं औषध रक्तात उतरतं. "मोसमाचं एकच इंजेक्शन" म्हणून टोचतात त्या, बरेच दिवस अंगात राहणाऱ्या स्टिरॉइडची गोष्ट वेगळी. ते सगळ्या अंगात जातं; ते टाळा.

बहुतेकांचा स्प्रे वाया जातो तो चुकीच्या पद्धतीनं मारल्यामुळे. मान मागे टाकू नका, किंचित खाली झुकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्यानं उजवीत, म्हणजे टोक आपसूक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारला तर घोळणा फुटतो. दाबल्यावर हलका श्वास घ्या. जोरात ओढलंत तर औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून मोसमाआधी सुरू करायचा. मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करते.

१२. नाक मोकळं करणारे थेंब लगेच काम करतात. तेच रोज टाकले तर?

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या पुढे नकोत. पुढे नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही आणि बाटलीची गरज वाढत जाते. यात अडकला असाल तर डॉक्टरांच्या मदतीनं सुटता येतं.

१३. जलनेतीचा उपयोग होतो का?

होतो, कण आणि शेंबूड धुऊन निघतात. पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, थेट नळाचं किंवा विहिरीचं कधीच नको. न उकळलेल्या पाण्यात मेंदूला घातक अमीबा असू शकतो. तेच पाणी प्यायल्यानं तो अपाय होत नाही, पण नाकात वर गेल्यानं होतो. स्प्रे असेल तर आधी नेती, मग स्प्रे.

१४. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणं सोडावं का? आणि मसाई पठार?

सोडू नका. मोसमात कोरड्या, वाऱ्याच्या सकाळी हवेत गवताचे परागकण जास्त असतात, तेवढे आठवडे वेळ बदला किंवा मास्क लावा. परागकण आकारानं मोठे असल्यानं नीट बसणारा मास्क बऱ्यापैकी अडवतो. डोळ्यांना गॉगल. घरी आल्यावर हातपाय, तोंड आणि केस धुवा, कपडे बदला. त्या दिवसांत धुणं गच्चीत वाळत घालू नका. ओल्या चादरीला कण चिकटतात आणि रात्रभर तुमच्या उशाशी असतात.

मसाई पठारावर फुलांच्या ताटव्यांची भीती नाही. पण तिथे तुम्ही गवतात बसता. जायचंच तर त्या दिवशीची गोळी आधी घ्या आणि गवतावर लोळू नका.

१५. तांबडा रस्सा ओरपला की नाक धो धो वाहतं. डंकावर तिखट कुटताना शिंका. हीसुद्धा ॲलर्जीच ना?

नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकाच्या नसांना चेतवतं. खाज नसते, जेवण झालं की थांबतं, तपासणीत काही सापडत नाही. रस्सा सोडायची गरज नाही. दमा असलेल्यांनी मात्र डंकापासून लांब राहावं.

१६. मुलगा सतत तळहातानं नाक वर घासतो, डोळ्यांखाली काळं आलंय. झोपेचं आहे का?

ही मुलांमधल्या ॲलर्जीची ओळखीची लक्षणं आहेत. घासून घासून नाकावर आडवी रेघ उमटते. तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, वर्गात पेंगणं हेही त्यातच. ओरडू नका, दाखवून आणा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला कुणी मध चाटवायला सांगितलं तर ऐकू नका. त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. मोठ्यांनाही "गावच्या मधानं" ॲलर्जी जात नाही. मधमाशा आणतात ते कीटकांवर विसंबलेल्या फुलांचे पराग, आणि ते मुळात गुन्हेगारच नाहीत (प्र. ४).

१७. कलिंगड, केळं किंवा काकडी खाल्ली की टाळू खाजतो. परागकणांशी संबंध?

असू शकतो. काही परागकणांतली प्रथिनं फळांतल्या प्रथिनांसारखी असतात आणि शरीर गल्लत करतं. तोंडापुरती खाज असेल तर ते फळ कच्चं टाळा. शिजवलेलं बहुधा चालतं. पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

१८. शिंकांचा दमा होतो का?

नाक आणि फुप्फुसं एकाच वाटेवर आहेत. ज्यांना ही ॲलर्जी आहे त्यांच्यात दम्याचं प्रमाण जास्त असतं. रात्रीचा खोकला, छातीत शिट्टी, जिना चढताना छाती आवळणं ही लक्षणं दिसली तर उशीर करू नका. पंपाची लाज किंवा भीती बाळगू नका. औषध जिथे हवं तिथेच आणि थोडक्यात पोचवणारं ते साधन आहे. एका वाक्यात बोलता येईना इतका दम लागला, ओठ निळसर झाले तर १०८ ला फोन.

१९. पावसानं हवा धुतली जाते म्हणता, मग वळवाच्या पावसात माझा दमा का उसळतो?

हा खरा अपवाद. गडगडाटी वादळाच्या तोंडाशी परागकण ओल्यानं फुगून फुटतात. अख्खा कण नाकातच अडकतो, पण त्याचे तुकडे फुप्फुसात खोल उतरतात. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ ला अशाच वादळानंतर हजारो लोक दम लागून रुग्णालयांत गेले आणि काहींचे प्राण गेले. ढग गडगडू लागले की घरात या, खिडक्या लावा, पंप जवळ ठेवा. मातीचा वास घ्यायला वादळ पूर्ण सरल्यावरच बाहेर या.

२०. हे कायमचं बरं होतं का?

इम्युनोथेरपीनं बऱ्याच जणांचा त्रास खूप कमी होतो आणि उपचार थांबल्यावरही गुण टिकतो. ज्याची ॲलर्जी आहे त्याच परागाचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देतात, इंजेक्शननं किंवा जिभेखाली. १९११ मध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांवर हा प्रयोग पहिल्यांदा प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षं चिकाटी लागते. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं, कारण क्वचित जोराची प्रतिक्रिया येते. दमा आटोक्यात नसेल तर सुरू करत नाहीत.

२१. गरोदरपणात काय?

मिठाच्या पाण्यानं नाक धुणं केव्हाही चालतं (प्र. १३). काही गोळ्या आणि स्प्रे चालतात, पण निवड तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची. दम्याचा पंप मनानं बंद करू नका.

२२. गणपतीला दूर्वा, दसऱ्याला झेंडू. घरात आणायचे की नाही?

पूजेच्या दूर्वा कोवळ्या, बिनफुलाच्या खुडतात, म्हणून त्यांच्यात परागकण नसतातच. निवडताना फुलोऱ्याची काडी दिसली तर बाजूला टाका. झेंडू आणि शेवंती गाजर गवताच्या कुळातली. त्यांचे पराग उडत नाहीत, पण गाजर गवतानं ज्यांची कातडी उठते त्यांनी हार ओवायचं काम दुसऱ्याकडे द्यावं.

२३. कोकणात गेलो की शिंका बंद, कोल्हापुरात आलो की गगनबावड्यापासूनच सुरू. तिकडेच राहायला जाऊ का?

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात परागकण कमी असतात, म्हणून आराम पडतो. पण घर हलवलेल्या पुष्कळांना दोन-चार वर्षांत तिथल्या बुरशीचा किंवा धुळीतल्या किड्यांचा नवा त्रास सुरू होतो. बिऱ्हाड हलवू नका. मात्र गेलात तो दिवस, परतलात तो दिवस आणि घाटात कुठे पहिली शिंक आली, तेवढं वहीत लिहा. तपासणीत कोणते पराग घ्यायचे हे ठरवताना डॉक्टरांना ती ओळ उपयोगी पडेल.